सात महिन्यांनी पुन्हा प्यायले, म्हणजे उपचार वाया गेले का?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमच्यासारख्या आणखी काही जणी हे वाचतील, म्हणून आधी तो थोडक्यात मांडते. मिस्टर 43 वर्षांचे, राहायला भांडुपला, एका कंपनीत फिटर. गेल्या वर्षी 45 दिवस व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले आणि घरी येताच मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. सात महिने थेंब घेतला नाही. मे महिन्यात चुलत भावाच्या हळदीला एक पेग घेतला. आता रोज रात्री दोन क्वार्टर होतात आणि गेले काही दिवस सकाळी कामावर निघण्याआधीही थोडी लागते, ‘हात थरथरतात म्हणून’. सासूबाई म्हणतात, श्रावण लागला की तो दरवर्षी सोडतोच, थोडी थांब. दीर म्हणतात, केंद्राची गाडी बोलावू आणि उचलून नेऊ. शेजारच्या काकूंनी चहात मिसळायला एक पुडी आणून दिली आहे. आणि तुम्ही विचारता, सगळं वाया गेलं का?

मी मुंबईत 22 वर्षं व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक आहे. डॉक्टर नाही. औषधांबद्दल जे लिहिते ते डॉक्टरांच्या शेजारी बसून शिकलेलं आहे, त्यामुळे गोळी कुठली आणि किती, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील.

‘वाया गेलं का’ या प्रश्नाकडे मी येते, पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याने मला जास्त काळजी लावली. सकाळी हात थरथरतात आणि थोडी घेतली की थांबतात, असं तुम्ही लिहिलंय. क्वार्टर म्हणजे 180 मिली. आपल्याकडच्या रम-व्हिस्कीत 42.8 टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे एका क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम निकालात काढतं. रात्री दोन क्वार्टर घेऊन झोपलेल्या माणसाच्या रक्तात सकाळीही दारू असते, फक्त ती उतरत असते. दारू मेंदूला मंदावते. रोज बाहेरून मंदावणारं काही येतंय म्हटल्यावर मेंदू तोल राखायला आतली उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू उतरली की ती वाढलेली उत्तेजना उघडी पडते. थरथर, घाम, धडधड, उलटीची भावना, चिडचिड, हे सगळं तिथून येतं. सकाळच्या त्या घोटाला दारू पिणारी मंडळी ‘उतारा’ म्हणतात. उतारा लागायला लागला याचा अर्थ शरीर दारूवर अवलंबून झालंय.

म्हणूनच सासूबाईंच्या श्रावणाची मला भीती वाटते. गटारीला भरपूर प्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून एकदम बंद, हे अशा शरीराला झेपत नाही. शेवटच्या पेगनंतर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही, भिंतीवर किडे दिसतात, घरच्यांना ओळखत नाहीत, ताप चढतो. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात जीवही जातो. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात असे पेशंट आमच्याकडे दर वर्षी येतात, आणि घरचे सांगतात, ‘अहो, त्यांनी तर चांगलं सोडलं होतं.’ लोक करणी झाली म्हणून मांत्रिकाकडे नेतात तेही याच दिवसांत. मागच्या खेपेला सोडताना मिस्टरांना फिट आली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आली असेल तर या वेळी धोका जास्त धरायचा.

तेव्हा पहिलं काम हे. गटारीची किंवा श्रावणाची वाट न पाहता याच आठवड्यात त्यांना मानसोपचार विभागात दाखवा. केईएम, सायन, नायर, जेजे, मुंबईतल्या यांपैकी कुठल्याही मोठ्या रुग्णालयात सकाळच्या ओपीडीला जाता येईल. तिथे डॉक्टर ठरवतील की घरी राहून गोळ्यांवर उतरवता येईल की दाखल करावं लागेल. फिटचा इतिहास, यकृताची तब्येत, साखर, घरी लक्ष ठेवायला कोण आहे, यावर ते अवलंबून आहे. काही दिवस हळूहळू कमी करत नेण्याच्या गोळ्या आणि बी-1 जीवनसत्त्व, हा त्यातला मुख्य भाग. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नुसतं एक सलाइन लावून घेऊ, असं करू नका. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात बी-1 संपत आलेलं असतं, आणि ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत बाटली हिसकावून, मोरीत ओतून, दाराला कडी घालून त्यांना कोरडं पाडू नका. मी हे लिहितेय याचा काहींना राग येईल. पण मी फिट आलेली माणसं पाहिली आहेत. आणि फिट आली, भास सुरू झाले किंवा माणूस बरळायला लागला, तर ओपीडीची वाट न पाहता रात्री-अपरात्री थेट कॅज्युअल्टीला न्यायचं.

आता श्रावणाचा दुसरा अर्थ. ‘महिनाभर पीत नाही, म्हणजे मी बेवडा नाही,’ हे वाक्य मी लालबागपासून विरारपर्यंत हजारदा ऐकलंय. महिना पाळणारे खरंच पाळतात, त्यात खोटं काही नाही. पण सुरुवात आणि शेवट ठरलेला असला की माणूस दिवस मोजत काढतो. सगळा महिना डोळे पुढच्या तारखेवर असतात. थांबता येतं का, एवढ्यावरून मी व्यसन ठरवत नाही. सुरू केल्यावर प्रमाण हातात राहतं का, नुकसान दिसत असताना सुरूच राहतं का, आणि न घेतल्यास शरीर काय करतं, हे मी बघते. मिस्टरांच्या बाबतीत तिन्हीची उत्तरं तुमच्या पत्रातच आहेत.

मग सात महिन्यांनी एका पेगने इतकं सगळं कसं परत आलं? ‘एकच तर घेतला होता,’ असं ते म्हणतात, आणि तुम्हाला वाटतं ते थापा मारताहेत. बहुधा थापा नाहीत. हळदीत त्यांनी खरोखर एकच घ्यायचं ठरवलं असेल. दारूची शरीराला लागलेली सवय काही आठवड्यांत उतरते, पण मेंदूने करून ठेवलेली जोडणी उतरत नाही. डीजे, मटणाचा वास, चुलतभाऊ, हातात ग्लास घेतलेली माणसं, पगाराचा दिवस, स्टेशनबाहेरच्या बारचा लाल दिवा, या सगळ्याशी दारूचं सुख बांधलं गेलेलं असतं. सात महिने ती गाठ तशीच पडून असते. पहिला पेग तिला ओढ देतो आणि तलफ जागी होते. पहिल्या दिवशी एक, आठवड्यात क्वार्टर, महिन्यात होते तिथे. म्हणून आम्ही सांगतो की पहिला पेग हाच शेवटचा दरवाजा. पुढचे कितवे, ते मोजण्यात अर्थ नसतो.

(ब्राउन शुगर, इंजेक्शन किंवा त्या जातीच्या नशेत असलेल्यांच्या घरच्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. तिथे काही महिन्यांच्या खंडानंतर जुन्याच प्रमाणात घेतलं तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो, कारण शरीराची सोसण्याची ताकद उतरलेली असते. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत धोक्याचे.)

शपथेबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण इथे मी स्वतः चुकलेली आहे. या कामात नवीन होते तेव्हा डिस्चार्जच्या दिवशी बायको, आई, मुलं सगळ्यांना बसवून मी पेशंटकडून वचन घ्यायची. सगळे रडायचे, आणि मला वाटायचं, किती छान झालं. त्यातला परळचा एक गिरणी कामगाराचा मुलगा तीन महिन्यांनी एकदा प्यायला. वचन मोडलं, आता कुठल्या तोंडाने सांगू, म्हणून तो फॉलोअपला यायचा बंद झाला. घरातही लपवत राहिला. दोन महिन्यांनी तो फिट येऊन, डोकं फुटलेल्या अवस्थेत आला. शुद्धीवर आल्यावर मला म्हणाला, ‘मॅडम, त्याच रात्री तुम्हाला फोन केला असता. पण तुमच्यासमोर वचन दिलं होतं.’ त्या दिवसापासून मी कुणाकडून वचन घेतलेलं नाही. शपथ एकदा घ्यायची असते आणि एकदाच मोडते. मोडली की माणसाला वाटतं, आता राखायला काय उरलंय. दारू न पिणं मात्र रोज करायचं काम आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची, मीटिंगमध्ये एकमेकांना आधार देणारी संघटना. तिची माणसं ‘फक्त आजचा दिवस’ म्हणतात ते याचसाठी.

त्या संघटनेच्याच सुरुवातीची गोष्ट मी घसरलेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना सांगते. 1935 साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावी बिल नावाचा शेअर बाजारातला माणूस आणि डॉक्टर बॉब नावाचे सर्जन भेटले. दोघेही दारूने पोळलेले. बिलच्या सोबतीने डॉक्टर बॉबनी सोडली. मग ते डॉक्टरांच्या एका अधिवेशनाला गेले आणि तिथे पुन्हा प्यायले. परतल्यावर त्यांनी पुन्हा सोडली. त्यांची शेवटची दारू 10 जून 1935 ची, आणि संघटना आपला स्थापना दिवस तोच मानते.

तेव्हा वाया गेलं का? नाही गेलं, ताई. सात महिने यकृताला विश्रांती मिळाली, मुलीने बापाला शुद्धीत पाहिलं, आणि त्यांना स्वतःला कळलं की दारूशिवाय पगाराचा दिवस जाऊ शकतो. केंद्र सरकारने एम्सच्या मदतीने केलेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसलं होतं की दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांमागे जेमतेम एकाला काही तरी उपचार मिळतात. मिस्टर एकदा त्या दारातून आत गेले आहेत. दुसऱ्यांदा जाताना वाट माहीत असते. मधुमेह्याची साखर लग्नसराईत वाढली म्हणून आपण इन्शुलिन वाया गेलं म्हणत नाही, पथ्य कुठे मोडलं ते शोधतो.

आणि पथ्य हळदीत मोडलेलं नाही, असा माझा अंदाज आहे. पिण्याआधीचे दोन-तीन महिने आठवून पाहा. मीटिंगला जाणं कधी बंद झालं? गोळ्या कोणी बंद केल्या? ‘आता मी बरा आहे’ हे कधीपासून म्हणायला लागले? जुन्या मित्रांबरोबर नुसता सोडा प्यायला बसणं कधी सुरू झालं? पेग घेण्याच्या खूप आधी घसरण सुरू झालेली असते. ती घरच्यांना जाणवते पण नाव देता येत नाही. चिडचिड वाढते, झोप जाते, माणूस गप्प होतो. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांपैकी दोन एकत्र आल्या की आमच्या ग्रुपमधली अनुभवी माणसं स्वतःहून कुणाला तरी फोन करतात. डोंबिवली फास्टमध्ये उभं राहून बारा तासांनी घरी येणाऱ्याला थकवा आणि भूक रोजचीच. म्हणून मी त्यांना पहिली गोष्ट सांगते ती अगदी साधी: ऑफिसातून निघताना काही तरी खाऊन निघा. उपाशी पोटी स्टेशनबाहेरून चालणं टाळा. हसू नका, याने खूप जण वाचलेत.

पुडीबद्दल. ती कृपा करून फेकून द्या. अशा पुड्यांत काय असतं हे विकणारा सांगत नाही. बऱ्याचदा त्यात डायसल्फिराम असण्याची शक्यता असते. हे औषध खरं आहे, आम्हीही वापरतो. शरीरात दारूचं विघटन होताना मधे अॅसिटाल्डिहाइड नावाचं विष तयार होतं. ते पुढे मोडणारं यंत्र हे औषध बंद पाडतं. त्यावर दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली. पेशंटला माहीत असेल तर तीच भीती त्याला थांबवते, आणि औषधाचं काम तेच आहे. माहीत नसेल तर तो नेहमीसारख्या दोन क्वार्टर घेणार आणि हृदय किंवा यकृत कमजोर असेल तर जिवावर बेतणार. औषध थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. शिवाय एक दिवस त्यांना कळेल की घरच्यांनी चहात काही तरी घातलं होतं. मग तुमच्या हातचा चहा, जेवण, डॉक्टरांची गोळी, कशावरच विश्वास राहणार नाही. हेच औषध डॉक्टरांनी तपासण्या करून, त्यांच्या संमतीने दिलं आणि रोज सकाळी तुमच्यासमोर त्यांनी स्वतःच्या हाताने घेतलं, तर ते चांगलं चालतं. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेट अशी दुसरी औषधंही आहेत. त्यांच्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

दिरांचा इरादा वाईट नसणार, भावाची दशा बघवत नाही त्यांना. पण उचलून नेण्याच्या विरोधात मी आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थाही येतात. माणसाला साखळीने बांधणं त्या कायद्याने बंद केलंय. त्याच्या मर्जीशिवाय दाखल करायचं तर तज्ज्ञांनी तपासून, ठरलेल्या अटींत, ठरलेल्या मुदतीसाठीच करता येतं. रात्री चार माणसं येऊन गाडीत कोंबतात ती पद्धत यात बसत नाही. आणि उपयोगाच्या दृष्टीने पाहिलं तरी, असा नेलेला माणूस 45 दिवस फक्त ‘बाहेर आल्यावर बघतो’ एवढंच ठरवत बसतो. ज्यांना भास होताहेत, जे स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करतील, त्यांची गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर आणि कायदा दोन्ही मदतीला आहेत. केंद्र निवडताना बघा: नोंदणी आहे का, डॉक्टर प्रत्यक्ष येतात का, घरच्यांना भेटू देतात का, बाहेर आल्यावर फॉलोअप आहे का. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण किंवा फादर जो परेरांनी 1981 मध्ये वांद्र्यात सुरू केलेलं कृपा फाउंडेशन, या कामातली जुनी नावं आहेत. पण दुसऱ्यांदा निवासी उपचार लागतीलच असं नाही. सात महिने राहिलेल्या माणसाला कधी कधी आठवडाभराचं डिटॉक्स, म्हणजे देखरेखीखाली दारू उतरवणं, आणि नंतर रोजची मीटिंग पुरते. तुमच्या बाबतीत ते डॉक्टरांनी तपासल्यावरच कळेल.

त्यांच्याशी बोलायचं कधी? रात्री नाही. प्यायलेल्या माणसाशी झालेलं बोलणं सकाळी फक्त तुम्हालाच आठवतं. सकाळी थरथर सुरू व्हायच्या आत किंवा सुट्टीच्या दिवशी, मुलगी घरात नसताना. शपथेचं नाव काढू नका. ‘सकाळी हात थरथरतात ते मला दिसतं. मला भीती वाटते. गुरुवारी मी रजा घेतलीय, आपण सायनला जाऊ,’ इतकंच. वार आणि ठिकाण आधीच ठरवून ठेवलेलं असलं की नाही म्हणणं जड जातं. नाही म्हणालेच तर तुम्ही एकट्या जा. हे खरंच सांगतेय. घरच्यांना घेऊनही आम्ही काम सुरू करतो.

कारण तुमचंही काम आहे, आणि ते त्यांच्यावर पहारा ठेवण्याचं नाही. तोंडाचा वास घेणं, बॅग तपासणं, साहेबांना ‘ताप आलाय’ म्हणून फोन करणं, बारची उधारी मंगळसूत्र मोडून फेडणं, हे तुम्ही 16 वर्षं केलंय. त्यातल्या फोनपासून सुरुवात करा. पुढच्या दांडीचा फोन त्यांनाच करू द्या. घरखर्चाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. मारहाण होत असेल, जे तुम्ही लिहिलेलं नाही, तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी तुमची आणि मुलीची सुरक्षितता. 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, 181 ला फोन करा. नवरा आजारी आहे म्हणून मार सहन करायचा नसतो. दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या बैठका असतात. ती संघटना 1951 मध्ये उभी राहिली ती बिलच्याच बायकोच्या पुढाकाराने. तिथे तुम्हाला कोणी सल्ला देणार नाही, पण तुमची गोष्ट पूर्ण व्हायच्या आत समोरची बाई मान हलवेल. रात्री अगदीच सुचेनासं झालं तर 14446 हा व्यसनमुक्तीचा आणि 14416 हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे, दोन्ही सरकारी आणि मोफत.

आणि मुलगी. ‘बाबांना माझी शपथसुद्धा मोठी वाटली नाही,’ असं ती म्हणाली, हे वाक्य तुम्ही शेवटी लिहिलंय, जणू सहज. सगळ्या पत्रात मला तेच सर्वांत जड गेलं. तेरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर आपण बापाचा आजार ठेवला होता. आज रात्रीच तिला जवळ घेऊन सांगा की बाबांना एक आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही आणि तुझ्या शपथेने बरा होणारही नव्हता, आणि तो हात आता तुझ्या डोक्यावरून आम्ही काढून घेतोय. शब्द तुमचे वापरा. मिस्टर शुद्धीत आले, एक-दोन महिने गेले, की हेच तिला त्यांच्या तोंडून ऐकायला मिळायला हवं. त्याची तयारी आम्ही त्यांच्याकडून करून घेतो.

ओपीडीला जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: रोज किती आणि कधीपासून, शेवटचा पेग किती वाजता, आधी कधी फिट किंवा भास झालेत का, पायात सूज, रक्ताची उलटी, कावीळ यांपैकी काही, चालू असलेल्या गोळ्या, आणि मागच्या केंद्राचा डिस्चार्जचा कागद. गुरुवारी जमलं की नाही आणि मागच्या वेळी फिट आली होती का, एवढं मला कळवा. पुढचं त्यावरून सांगते.